रँच-प्रेमकादंबरी आणि तिचा वाचक : अभिप्राय, अपेक्षा आणि जमिनीचा प्रश्न

लोकप्रिय कादंबरीविषयी आपल्याकडे झालेले समीक्षालेखन चाळले असता एक गोष्ट ध्यानात येते. या लेखनात कादंबरी असते, लेखक असतो, अभिरुचीच्या ऱ्हासाची चिंता असते; नसतो तो वाचक. म्हणजे तो अगदीच नसतो असे नाही. तो गृहीतकाच्या रूपाने वावरतो : भाबडा, स्वप्नाळू, वास्तवापासून पळू पाहणारा, आणि प्रेमकादंबरीचा विषय असेल तर बहुधा स्त्री. या वाचकाला त्याचे मत विचारावे असे मात्र सहसा कोणाला वाटत नाही. चंद्रकांत काकोडकर यांच्या 'श्यामा' या कथेचे उदाहरण येथे आठवते. 'रंभा'च्या १९६२च्या दिवाळी अंकातील ही कथा अश्लीलतेच्या आरोपावरून न्यायालयात गेली आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने लेखकाला निर्दोष ठरविले. हे लेखन कोणत्या वाचकवर्गाच्या हाती पडते आणि त्याच्यावर त्याचा काय परिणाम होतो, हा प्रश्न त्या निकालात महत्त्वाचा होता. काकोडकरांच्या वाचकाचा विचार न्यायालयाला करावा लागला. मराठीच्या विभागांनी तो फारसा केला नाही, हे काहीसे खेदाने नमूद करावे लागते.

प्रस्तुत लेखात अमेरिकन रँच-प्रेमकादंबरी आणि तिच्याविषयीचे वाचकांचे अभिप्राय यांचा विचार करावयाचा आहे. विषय दूरचा वाटेल. परंतु अमेरिकन सीमाप्रदेश मराठी वाचकाला अगदीच अपरिचित नाही. जी. ए. कुलकर्णी यांनी कॉनरॅड रिक्टर यांच्या कादंबऱ्यांची 'रान', 'शिवार' आणि 'गाव' ही भाषांतरे करून जंगल तोडून वसाहत करणाऱ्या माणसांचे जग मराठीत आणले. ते जग ओहायोच्या अरण्याचे होते. रँचचे जग त्याहून पश्चिमेकडचे, गवताळ मैदानांचे. आणि तेथील प्रेमकादंबरीच्या बाबतीत अभ्यासकाला एक सोय आहे : अशा कादंबऱ्या वाचणाऱ्या स्त्रियांशी प्रत्यक्ष बोलून केलेले संशोधन उपलब्ध आहे.

प्रथम संज्ञेविषयी. 'रँच' म्हणजे केवळ गोठा नव्हे आणि कुरणही नव्हे. हजारो एकरांची चराऊ जमीन, त्यावरील गुरे, घोडे, कुंपणे, गडीमाणसे आणि मालकाचे घर असा हा एकत्रित व्यवहार आहे. त्याचप्रमाणे 'काऊबॉय'ला 'गुराखी' म्हटले की अर्थ बराचसा कळतो, पण प्रतिष्ठा निसटते. वस्तुतः ऐतिहासिक काऊबॉय हा आपल्या गुराख्याप्रमाणेच मजुरीवर राबणारा गडी होता. प्रेमकादंबरीने त्याची टोपी आणि त्याचे अबोलपण ठेवले आणि बहुतेक वेळा त्याला जमिनीचा मालक करून टाकले. हा बदल लहान नाही. त्याकडे पुढे वळावे लागेल.

या प्रकाराचा पूर्वेतिहास थोडक्यात असा. ओवेन विस्टर यांची 'द व्हर्जिनियन' ही कादंबरी १९०२ साली आली. तिच्यात व्हरमाँटहून वायोमिंगला आलेली शिक्षिका आणि गुरांमागे हिंडणारा नायक यांची प्रेमकथा आहेच. त्याच दशकात माँटानातील रँचवर लिहिणाऱ्या बी. एम. बॉवर या लेखिकेचे बर्था हे नाव आद्याक्षरामागे झाकलेले राहिले; वाचक तिला पुरुषच समजत. १९२४ ते १९७१ या काळात 'रँच रोमान्सेस' हे स्वस्त कागदावरचे नियतकालिक चालले. १९७०च्या दशकात जॅनेट डेली ही हार्लेक्विनची पहिली अमेरिकन लेखिका ठरली आणि तिने आपल्या पहिल्याच कादंबरीत टेक्सासची रँच आणली. १९८१ पासून तिची काल्डर घराण्याची माला माँटानात घडू लागली. डायना पामर यांची टेक्सासमधील उंच पुरुषांची माला १९८०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली.

जेन टॉम्पकिन्स यांनी १९९२ साली 'वेस्ट ऑफ एव्हरीथिंग' या ग्रंथात असा विचार मांडला की, एकोणिसाव्या शतकातील स्त्रियांची गृहजीवनाची, धर्मशील कादंबरी जी मूल्ये सांगत होती त्यांचा इन्कार करण्यासाठीच 'वेस्टर्न' उभी राहिली. घराऐवजी मोकळे मैदान, बोलण्याऐवजी मौन, भक्तीऐवजी बंदूक. हे मत मान्य केले तर रँच-प्रेमकादंबरीचे स्थान अधिक स्पष्ट होते. मैदानातल्या त्या मौनी पुरुषाला पुन्हा घरात आणून बोलते करणे, हे तिचे मूळ कथासूत्र होय.

आता वाचकांकडे वळू. या क्षेत्रातील आद्य महत्त्वाचा ग्रंथ म्हणजे जॅनिस रॅडवे यांचा 'रीडिंग द रोमान्स' (१९८४). अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील एका गावात ग्रंथविक्रीच्या दुकानात काम करणारी एक बाई होती. ती नव्या प्रेमकादंबऱ्यांवर आपले अभिप्राय लिहून गिऱ्हाइकांना पुरवीत असे आणि तिच्या शब्दावर अनेक स्त्रिया पुस्तके घेत असत. रॅडवे यांनी गावाला स्मिथटन आणि त्या बाईला डॉट अशी टोपणनावे दिली, ४२ वाचकांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या आणि काहींच्या मुलाखती घेतल्या. त्यांचा अभ्यास रँच-कादंबरीपुरता नाही. स्मिथटनच्या स्त्रियांना ऐतिहासिक प्रेमकथा विशेष प्रिय होत्या. तरीही त्यांची उत्तरे आपल्या विषयाला फार जवळची आहेत.

या स्त्रिया शोकान्त कादंबरी वाचण्यास तयार नव्हत्या. शेवट सुखाचा आहे ना याची खात्री करून घेण्यासाठी काहीजणी शेवटची पाने आधी वाचत. साहित्याच्या प्राध्यापकाला हा वाचनाचा अपमान वाटेल. मलाही प्रथम तसाच वाटला. परंतु क्षणभर थांबून विचार केला तर आपण रामकथा ऐकतो किंवा नाटकातील परिचित आख्यान पाहतो तेव्हा शेवट माहीतच असतो. आपले लक्ष 'काय' घडते यावरून 'कसे' घडते याकडे गेलेले असते. स्मिथटनच्या वाचकांचेही तेच झाले होते. शेवटाचा प्रश्न मिटल्यामुळे त्यांची सारी परीक्षकबुद्धी नायकाच्या वर्तनावर केंद्रित झाली होती. नायक कठोर चालेल, पण क्रूर नको. त्याने बळजबरी केली तर पुस्तक बाद. नायिका बुद्धिमान हवी. नायकात कोमलता नुसती अखेरीस उगवून चालत नाही, तिच्या खुणा आधीपासून दिसल्या पाहिजेत. शेकडो कादंबऱ्यांच्या वाचनातून घडलेले हे निकष आहेत. अभिनवगुप्ताने सहृदयाच्या लक्षणात काव्यानुशीलनाच्या अभ्यासाने स्वच्छ झालेल्या मनाचा निर्देश केला आहे. 'सहृदय' हा शब्द येथे वापरणे अनेकांना अतिप्रसंग वाटेल. पण 'अभ्यास' या अंगापुरता तरी तो या वाचकांना नाकारता येणार नाही.

दुसरे उत्तर अधिक अनपेक्षित आहे. या कादंबऱ्यांतून माहिती मिळते, स्थळकाळाचे ज्ञान होते, असे या स्त्रिया आवर्जून सांगत. रॅडवे यांना त्यात समर्थनाचा भागही दिसला : पुस्तकांवर पैसा आणि वेळ घालविण्याबद्दल नवऱ्याने कुरकुर केली तर 'मी शिकते आहे' हे उत्तर उपयोगी पडे. ते खरेच असेल. परंतु रँच-कादंबरीच्या वाचकाच्या बाबतीत माहितीची अपेक्षा केवळ सबब म्हणून सोडून देता येत नाही. गाई कोणत्या महिन्यात वितात, हिवाळ्यासाठी गवत केव्हा कापून गंजी रचतात, काटेरी तारेचे कुंपण कसे ताणतात, वासरांना डाग कसा देतात, यांत लेखिका चुकली तर या प्रकारात मुरलेली वाचक तेवढ्यावरच पुस्तकाविषयी नाराज होते. प्रेमाच्या बाबतीत जी अशक्यप्राय योगायोग सहज पचविते, ती गवताच्या बाबतीत एक चूक पचवीत नाही. यात विसंगती नाही. माँटानाच्या रँचचे आजचे रूप १८८६-८७च्या भीषण हिवाळ्याने घडविले. मोकळ्या मैदानावर सोडलेली गुरे त्या वर्षी प्रचंड संख्येने मेली, आणि त्यानंतर कुंपण घालणे व गवत साठविणे हा व्यवहाराचा पाया झाला. श्रम बिनचूक असेल तरच त्या जमिनीवर जगता येते. कामात खरा असलेला पुरुष प्रेमातही खरा असेल, अशी या कादंबरीची आंतरिक तर्करीती आहे. म्हणून कामाचे वर्णन खोटे पडले की प्रेमही खोटे पडते.

एक उदाहरण तपशिलाने पाहू. नोरा रॉबर्ट्स यांची 'माँटाना स्काय' (१९९६) ही या प्रकारातील बहुवाचित कादंबरी. जॅक मर्सी हा धनाढ्य रँचमालक मरतो. तीन बायकांपासून झालेल्या त्याच्या तीन मुली एकमेकींना जवळजवळ अनोळखी. मृत्युपत्राची अट अशी की, तिघींनी एक वर्ष रँचवर एकत्र राहावे, तरच वारसा मिळेल. विला तेथेच वाढलेली आणि रँचचे काम जाणणारी; टेस हॉलिवूडची पटकथालेखिका; लिली मारहाण करणाऱ्या माजी नवऱ्यापासून पळालेली. या वर्षात तीन प्रेमकथा जुळतात आणि त्याच वेळी रँचवर निर्घृण हत्या होत राहतात.

या कादंबरीवरील माझ्या वाचनात आलेल्या अभिप्रायांतून काही गोष्टी पुनःपुन्हा येतात. प्रशंसा होते ती बहुधा प्रेमकथांच्या आधी बहिणींच्या नात्याची : परक्या तीन स्त्रिया एका घरात राहून हळूहळू बहिणी होतात याची. तक्रार असते ती रक्तपाताच्या वर्णनांविषयी, आणि तीन जोड्यांमुळे एकेका प्रेमाला पुरेशी जागा मिळत नाही याविषयी. विलावर वाचकांचा जीव अधिक. मला स्वतःला सर्वांत अर्थपूर्ण वाटते ते मृत्युपत्रातील आणखी एका कलमाबाबत वाचकांना वाटणारा संताप : त्या वर्षात रँचवर देखरेख करण्याचा अधिकार बाप दोन शेजारी पुरुषांना देतो, आणि त्यांतील एक पुढे विलाचा प्रियकर होतो. आयुष्यभर राबलेल्या मुलीच्या डोक्यावर बाप मेल्यावरही पुरुष बसविला जातो, हे वाचकाला खुपते. कादंबरी हा अन्याय प्रेमात विरघळवून टाकते. वाचक तो विरघळू देते, पण विसरत नाही.

रॅडवे यांचा निष्कर्ष येथे तपासून पाहण्यासारखा आहे. पुरुषाचा कठोरपणा म्हणजे दडलेले प्रेमच, असे वाचायला ही कादंबरी स्त्रीला शिकविते, म्हणून ती दिलासा देते आणि मूळ संबंध मात्र तसेच ठेवते, असे त्यांचे म्हणणे. पुढे १९९१च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्यांनी स्वतःच्या भूमिकेची पुनर्तपासणी केली; आपण अभ्यासक स्त्रिया आणि त्या वाचक स्त्रिया यांच्यात आपण घातलेली रेषा त्यांना खटकली होती. माझ्या मते त्यांचा निष्कर्ष पामर यांच्या नायकांना बराच लागू पडतो. या नायकांवर वाचकांत उभी फूट आहे. कोणाला त्यांत खंबीर, रक्षणकर्ता पुरुष दिसतो, तर कोणाला निव्वळ अपमान करणारा धटिंगण. एकाच पानाविषयीची ही दोन मते पाहिली की, 'लोकप्रिय कादंबरीचा वाचक' असे एकवचन वापरणे किती धोक्याचे आहे हे पटते.

आता जमिनीकडे वळू. नायक मालक झाला, नायिका वारस झाली. पण ती जमीन आधी कोणाची होती? हा प्रश्न दीर्घकाळ या कादंबरीच्या कुंपणाबाहेर होता. तो आत आला तो प्राध्यापकांमुळे नव्हे. २०२१ साली अमेरिकेतील प्रेमकादंबरीकारांच्या संघटनेने 'ॲट लव्हज कमांड' या ऐतिहासिक वेस्टर्न प्रेमकादंबरीला धार्मिक आशयाच्या विभागातील पुरस्कार दिला. तिचा नायक घोडदळातील अधिकारी. २९ डिसेंबर १८९० रोजी वूंडेड नी येथे लाकोटा स्त्री-पुरुष-मुलांचे जे शिरकाण झाले त्यात तो सहभागी होता, आणि नंतर त्याला पश्चात्ताप होतो. वाचक आणि लेखिका यांच्यातून तीव्र आक्षेप उठले : एका जमातीचे मरण हे एका गोऱ्या पुरुषाच्या उद्धाराचे साधन कसे होऊ शकते? संघटनेला पुरस्कार मागे घ्यावा लागला. ही कादंबरी समकालीन रँचची नाही हे खरे. पण ज्या अपेक्षाक्षितिजावर रँच-कादंबरी वाचली जाते तेच येथे सरकलेले दिसते. नायकाच्या वर्तनावर खिळलेली तीच परीक्षक दृष्टी येथे नायिकेपुरती राहिली नाही. तो तिच्याशी कसा वागला एवढेच पुरेनासे झाले. तो इतरांशी कसा वागला हेही विचारले गेले.

या घटनेनंतर 'माँटाना स्काय'कडे परतले की एक पात्र वेगळे दिसू लागते. विलाची आई ब्लॅकफूट जमातीची. तिला आधीच्या विवाहापासून झालेला मुलगा ॲडम रँचवर घोडे सांभाळतो, आणि घाबरलेल्या लिलीला तोच सावरतो. कादंबरीतील सर्वांत हळुवार पुरुष म्हणून वाचकांना तो प्रिय आहे. तो जॅक मर्सीच्या रक्ताचा नाही. सबब वारस नाही. कायद्याने हे बिनचूक आहे. पण माँटानातील ब्लॅकफीट लोकांनी १८९५च्या कराराने आपल्या प्रदेशाचा डोंगराळ पश्चिम पट्टा सरकारला दिला, आणि १९१० साली तेथे ग्लेशियर राष्ट्रीय उद्यान झाले, हा इतिहास ज्याला ठाऊक आहे त्याला त्या मृत्युपत्रातून ॲडमचे वगळले जाणे केवळ कौटुंबिक बाब म्हणून वाचता येत नाही. ॲडमच्या कोमलपणाविषयी वाचकांनी पुष्कळ लिहिले आहे. त्याच्या हिश्श्याविषयी लिहिलेला अभिप्राय माझ्या पाहण्यात आलेला नाही.