खाटेखालची शेगडी आणि बंद दार

थंडी पडली की वस्तीतल्या अनेक घरांत हे दिसतं. पत्र्याची खोली, बाहेर गारठा, आत बाळंतीण. खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी, त्यावर ओवा-शेपाची धुरी. वारा लागू नये म्हणून दार-खिडकी गच्च बंद आणि पत्र्याच्या फटींत चिंध्या. हे सगळं मायेपोटी केलेलं असतं. पण याच खोलीत एक विषारी वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. त्याचं नाव कार्बन मोनॉक्साइड.

आम्ही वॉर्डात ड्युटी करत होतो तेव्हाची गोष्ट. आठ दिवसांची बाळंतीण, तिचं बाळ आणि सासूबाई, तिघांना पहाटे दवाखान्यात आणलं. सासूबाईंचं डोकं ठणकत होतं, सुनेला उलट्या, बाळ मलूल. घरचे म्हणाले, रात्रीची भाजी बाधली. पण आठ दिवसांचं बाळ भाजी कुठं खातं? या एका प्रश्नावरून शेगडीची गोष्ट बाहेर आली. लगेच ऑक्सिजन लावला, तिघंही वाचली. तो प्रश्न कुणी विचारला नसता तर गोळ्या देऊन त्यांना पुन्हा त्याच खोलीत पाठवलं असतं.

हा वायू येतो कुठून?

लाकूड, कोळसा, गोवरी, रॉकेल, गॅस या सगळ्यांत कार्बन असतो. भरपूर हवा मिळाली की तो पूर्ण जळतो आणि कार्बन डायऑक्साइड होतो. हवा कमी पडली की जळणं अर्धवट राहतं. मग थोडा कार्बन काजळी होऊन भिंतीला आणि भांड्याच्या बुडाला चिकटतो, आणि थोड्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो. काजळी दिसते, हा वायू दिसत नाही.

आपल्या बायका म्हणतात, "धूर जाऊ द्या, निखारे लाल झाले की शेगडी आत घ्या." चूक इथंच होते. धूर संपला म्हणजे धोका संपला असं नाही. लालभडक निखाऱ्यातूनही हा वायू निघत राहतो. गॅसच्या टाकीतून गळती झाली तर वास येतो, कारण तो वास कंपनीत मुद्दाम मिसळलेला असतो. निखाऱ्याच्या वायूत तसं कुणी काही मिसळत नाही.

शरीरात काय होतं?

आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेतं. पण कार्बन मोनॉक्साइड त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. मग रक्त वाहतं, पण मेंदूला आणि हृदयाला ऑक्सिजन पोचत नाही. पोटातल्या बाळाला याचा धोका आईपेक्षाही जास्त. झोपलेल्या माणसाला तर कळतही नाही, झोपेतच शुद्ध जाते.

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. त्या यंत्राला हा वायू आणि ऑक्सिजन यांतला फरक ओळखता येत नाही. आकडा ९८ दिसतो आणि माणूस आतून गुदमरत असतो.

लक्षणं अशी ओळखा

डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ, उलटी, हातापायांतली ताकद जाणं, गोंधळल्यासारखं होणं. एकाच खोलीतल्या दोघा-तिघांना एकाच वेळी त्रास होत असेल, आणि बाहेर आल्यावर बरं वाटत असेल, तर आधी शेगडीवर संशय घ्या. ही नजर नाही, बाहेरची बाधाही नाही. उतारा करण्यात वेळ घालवू नका.

असं झालं तर

दार-खिडक्या उघडा आणि सगळ्यांना आधी मोकळ्या हवेत आणा. १०८ ला फोन करा. बेशुद्ध माणूस श्वास घेत असेल तर त्याला कुशीवर झोपवा, तोंडात पाणी घालू नका. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा, "बंद खोलीत शेगडी होती." साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. मास्कने पूर्ण ऑक्सिजन दिला तर तेच काम साधारण तासा-दीड तासात होतं. म्हणून बाहेर आल्यावर बरं वाटलं तरी दवाखान्यात जाच.

मग बाळंतिणीला ऊब कशी द्यायची?

ऊब हवीच, ती निखाऱ्याचीच हवी असं नाही. बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरा, वरून गोधडी घ्या. बाळाला टोपी, मोजे घाला. शेकायचं फडकं बाहेर तव्यावर गरम करा आणि आत आणा, आधी आपल्या मनगटाला लावून बघा. धुरी बाळाच्या नाकाला आणि आईच्या छातीलाही बरी नाही, ती सोडूनच द्या. आजीबाई रागावतील. त्यांच्याशी भांडू नका, हा लेख त्यांना वाचून दाखवा.

घराकडेही बघा

फटींच्या झोपडीतून पक्क्या इमारतीत गेलेल्या घरांनी जास्त सावध राहावं. तिथं खोली जास्त घट्ट बंद होते. न्हाणीघरात गॅस गिझर बसवू नका. असलाच तर तो बाहेर हलवून घ्या. पत्र्याच्या घरात चुलीच्या वरच्या बाजूला आणि समोरच्या भिंतीत झरोका ठेवा, म्हणजे हवा खेळती राहते. गॅसची ज्योत निळी हवी. ती पिवळी झाली किंवा भांड्याचं बूड काळं पडू लागलं तर बर्नर साफ करून घ्या. चूल पेटवायला प्लास्टिक, टायर, जुनी चप्पल घालू नका.

आज रात्री एकच काम करा. शेजारी कुणी बाळंतीण असेल तर तिच्या खाटेखाली वाकून बघा. शेगडी दिसली तर उचलून अंगणात ठेवा, आणि मग तिच्याजवळ बसून कारण समजावून सांगा.