ईयोबाचा ग्रंथ : दुःख, श्रद्धा आणि सांत्वन

उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हांला –
• ईयोबाच्या ग्रंथाची रचना व त्यातील गद्य-पद्य विभाग सांगता येतील.
• ईयोबाच्या मित्रांचा युक्तिवाद व त्यातील दोष स्पष्ट करता येतील.
• तक्रार हेही श्रद्धेचे रूप कसे असू शकते, याचे विवेचन करता येईल.
• या ग्रंथातील 'सांत्वन' या संकल्पनेचा अर्थ सांगता येईल.

प्रस्तावना

विद्यार्थी मित्रांनो, सज्जन माणसाच्या वाट्याला दुःख का येते, हा प्रश्न सर्व धर्मांनी व सर्व भाषांतील साहित्याने विचारला आहे. हिब्रू धर्मशास्त्रातील ईयोबाच्या ग्रंथात तो फार धीटपणे मांडलेला आहे. मात्र या ग्रंथात आणखी एक प्रश्न आहे व त्याकडे वाचकांचे सहसा कमी लक्ष जाते. दुःखी माणसाजवळ बसलेल्या माणसाने काय करावे, हा तो प्रश्न होय. ग्रंथाच्या ४२ अध्यायांपैकी मोठा भाग ईयोब आणि त्याचे सांत्वन करण्यासाठी आलेले मित्र यांच्या संवादाने व्यापला आहे. सांत्वनासाठी आलेली माणसे दुःखात भर कशी घालतात, हे हा संवाद दाखवतो. या घटकात आपण दोन्ही प्रश्नांचा एकत्रित विचार करणार आहोत.

१. ग्रंथाचे स्थान व रचना

हिब्रू धर्मशास्त्राचे तोरा (नियमशास्त्र), नबीईम (संदेष्टे) आणि कतुवीम (लेख) असे तीन भाग आहेत. ईयोबाचा ग्रंथ तिसऱ्या भागात येतो. नीतिसूत्रे व उपदेशक या ग्रंथांबरोबर त्याची गणना 'ज्ञानसाहित्या'त केली जाते. त्याचा कर्ता अज्ञात आहे. बहुतेक अभ्यासक त्याचा रचनाकाळ इ. स. पूर्व सहावे ते चौथे शतक यांच्या दरम्यान मानतात. कथेचा नायक मात्र इस्राएली नाही. तो ऊस नावाच्या देशातला आहे. त्यामुळे या ग्रंथातील प्रश्न एका जनसमूहापुरता न राहता मानवमात्राचा होतो.

ग्रंथाची रचना चौकटीसारखी आहे. आरंभीचे दोन अध्याय आणि शेवटच्या अध्यायाचा उत्तरार्ध गद्यात असून मधला भाग पद्यात आहे. गद्यकथा थोडक्यात अशी : ईयोब सात्त्विक व संपन्न गृहस्थ आहे. त्याला सात मुलगे, तीन मुली, ७,००० मेंढरे, ३,००० उंट, बैलांच्या ५०० जोड्या आणि ५०० गाढवी आहेत. स्वर्गातील सभेत 'सातान' परमेश्वराला विचारतो, की ईयोबाची भक्ती निरपेक्ष आहे काय? हिब्रू मूळात हा शब्द विशेषनाम म्हणून येत नाही. 'आरोप ठेवणारा' अशा अर्थाचे ते पदनाम आहे, हे ध्यानात ठेवावे. परीक्षेला अनुमती मिळते. ईयोबाची संपत्ती व मुलेबाळे एका दिवसात नष्ट होतात आणि नंतर त्याच्या सर्वांगावर गळवे उठतात.

स्वर्गातील या संभाषणाची माहिती वाचकाला आहे, पण ती ईयोबाला नाही आणि त्याच्या मित्रांनाही नाही. ईयोबाच्या दुःखाचे कारण त्याचे पाप नव्हे, हे आपल्याला पहिल्या पानापासून ठाऊक असते. म्हणूनच मित्रांचे प्रत्येक भाषण वाचताना ते किती आत्मविश्वासाने चुकत आहेत, हे आपल्याला दिसत राहते.

२. सात दिवसांचे मौन

अलीफज तेमानी, बिल्दद शूही आणि सोफर नामाथी हे तिघे मित्र ईयोबाची वार्ता ऐकून आपापल्या गावांहून निघतात व ठरवून एकत्र येतात. त्याची अवस्था इतकी पालटलेली असते, की दुरून ते त्याला ओळखतही नाहीत. ते मोठ्याने रडतात, वस्त्रे फाडतात, डोक्यावर धूळ उधळतात आणि सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात. त्याचे दुःख फार मोठे आहे हे पाहून एकही शब्द बोलत नाहीत.

मित्रांनी केलेले उत्तम सांत्वन हेच होते. यहुदी परंपरेनेही ते तसे ओळखले. शोकाकुल माणूस स्वतः बोलू लागेपर्यंत भेटीस आलेल्यांनी बोलू नये, या तालमूदातील नियमाला याच प्रसंगाचा आधार दिलेला आहे. मित्र वाईट नव्हते, हे येथे लक्षात घ्यावे. ते लांबून आले, रडले आणि धुळीत बसले. त्यांची चूक पुढे घडते. ईयोब मौन सोडून आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, तेव्हा त्याचे शब्द ऐकून घेण्याऐवजी ते त्यांना उत्तर देऊ लागतात.

३. मित्रांचा युक्तिवाद

तिन्ही मित्रांचे म्हणणे मुळात एकच आहे. ईश्वर न्यायी आहे, तो पाप्याला शिक्षा व सज्जनाला सुख देतो. ईयोब दुःखात आहे, म्हणून ईयोबाने पाप केले असले पाहिजे. या विचाराला 'प्रतिफळाचा सिद्धान्त' म्हणतात. मराठी वाचकाला येथे कर्मसिद्धान्ताची आठवण होणे स्वाभाविक आहे, पण दोहोंत महत्त्वाचा भेद आहे. ईयोबाच्या ग्रंथात पूर्वजन्माची कल्पना नाही. सर्व हिशेब याच आयुष्यात पुरा व्हावा लागतो, त्यामुळे निरपराध माणसाच्या दुःखाचा पेच अधिकच तीव्र होतो.

सिद्धान्त एकच असला तरी प्रत्येकाचा आधार वेगळा आहे. अलीफज रात्री पडलेल्या गूढ दृष्टान्ताचा दाखला देतो, बिल्दद पूर्वजांच्या परंपरेचा, तर सोफर केवळ स्वतःच्या खात्रीचा. अलीफजाचे पहिले भाषण सौम्य आहे. बिल्दद मात्र ईयोबाच्या मुलांनी पाप केले असेल म्हणून ती मेली, असे त्या मुलांच्या बापाला सुचवतो. तुझ्या अपराधाच्या मानाने ही शिक्षा कमीच आहे, असे सोफर म्हणतो. ईयोब आपले निरपराधित्व सोडत नाही, तेव्हा बाविसाव्या अध्यायात अलीफज त्याच्यावर प्रत्यक्ष आरोप करतो : तू तहानेल्याला पाणी दिले नाहीस, भुकेल्याला अन्न नाकारलेस, विधवांना रिकाम्या हाताने परत पाठवलेस. या आरोपांना कसलाही पुरावा नाही. सिद्धान्त वाचवायचा तर मित्राला पापी ठरवणे भाग होते आणि अलीफजाने तो मार्ग पत्करला.

मित्र असे का वागतात? याचे उत्तर ईयोब स्वतःच सहाव्या अध्यायात देतो. वाळवंटातून प्रवास करणारे तांडे पाण्याच्या आशेने ओढ्याकडे वळतात आणि तेथे कोरडे पात्र पाहून निराश होतात. मित्र त्या ओढ्यासारखे आहेत, असे तो म्हणतो. पुढे तो त्यांच्या वर्तनाचे मूळही दाखवतो. माझी दशा पाहून तुम्ही भ्यालात, असे त्याचे निदान आहे. निरपराध ईयोबावर असा प्रसंग येऊ शकतो, तर तो उद्या अलीफजावरही येऊ शकतो. ईयोब पापी ठरला, तर मित्रांचे जग सुरक्षित राहते. म्हणून त्यांचे सांत्वन ईयोबापेक्षा त्यांचे स्वतःचेच समाधान करणारे आहे.

संवादाच्या तिसऱ्या फेरीत हा युक्तिवाद आटत जातो. बिल्ददाचे शेवटचे भाषण अवघ्या सहा कडव्यांचे आहे आणि सोफराचे भाषणच येत नाही. त्यानंतर अलीहू हा तरुण वक्ता सहा अध्याय बोलतो, पण अखेरच्या कथेत त्याचा उल्लेखही होत नाही. अनेक अभ्यासक हा भाग नंतर जोडलेला मानतात.

आपली प्रगती तपासा – १
(अ) वाचकाला ठाऊक असलेली कोणती गोष्ट ईयोबाला व मित्रांना ठाऊक नाही?
(आ) तिन्ही मित्रांच्या युक्तिवादांचे आधार कोणते?

४. ईयोबाची तक्रार

ईयोब 'सहनशीलतेचा आदर्श' म्हणून प्रसिद्ध आहे. गद्यकथेपुरते ते खरे आहे. पद्यभागातील ईयोब मात्र अत्यंत अस्वस्थ व संतप्त आहे. ईश्वर आपल्याला शत्रू समजतो, आपल्यावर पहारा बसवतो, आवंढा गिळण्यापुरतीही उसंत देत नाही, असे तो म्हणतो. त्याच्या भाषेत न्यायालयातील कल्पना वारंवार येतात. त्याला खटला मांडायचा आहे. आपल्या दोघांच्या मध्ये उभा राहील असा मध्यस्थ त्याला हवा आहे. एका ठिकाणी तो आपल्या 'गोएल'विषयी विश्वास व्यक्त करतो. संकटात सापडलेल्या आप्ताची बाजू घेणारा, त्याला सोडवणारा जवळचा नातलग, असा या शब्दाचा मूळ अर्थ आहे. एकतिसाव्या अध्यायात तो शपथेवर आपल्या आचरणाचा सविस्तर हिशेब देतो आणि ईश्वराने उत्तर द्यावे, अशी मागणी करतो.

हे सर्व श्रद्धेच्या विरुद्ध आहे काय? हे ठरवताना संवादाचे एक व्याकरणिक वैशिष्ट्य पाहावे. मित्र ईश्वराचा उल्लेख नेहमी तृतीय पुरुषात करतात. इतक्या भाषणांत त्यांपैकी एकही जण ईश्वराला उद्देशून एक वाक्य बोलत नाही, ईयोबासाठी प्रार्थनाही करत नाही. ईयोब मात्र मित्रांशी बोलता बोलता मध्येच ईश्वराकडे वळतो आणि 'तू' म्हणून त्याला प्रश्न विचारतो. सातव्या, दहाव्या, तेराव्या, चौदाव्या व तिसाव्या अध्यायांत असे प्रसंग आहेत. ज्याच्यावर आपला काही हक्क आहे असे वाटते, त्याच्याशीच माणूस असे भांडतो. ईयोबाची श्रद्धा नाहीशी झाली असती, तर तो गप्प बसला असता.

मराठीच्या विद्यार्थ्याला हे अगदी अपरिचित नाही. नामदेव आणि जनाबाई यांच्या नावावरील अभंगांतही विठ्ठलाशी भांडण आहे. फरक असा, की तेथील भांडण घरातल्या जिव्हाळ्याचे आहे, तर ईयोबाचे भांडण न्याय मागणाऱ्या फिर्यादीचे आहे.

५. परमेश्वराचे उत्तर

अडतिसाव्या अध्यायात परमेश्वर वावटळीतून बोलतो. दुःखाचे कारण मात्र तो सांगत नाही. स्वर्गातील संभाषणाचा उल्लेखही करत नाही. तो प्रश्न विचारतो : पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कोठे होतास? बर्फाची भांडारे तू पाहिलीस काय? मग रानबकरी, रानगाढव, शहामृग, युद्धाचा घोडा, ससाणा, बेहेमोथ आणि लिव्याथान असे एकेक प्राणी डोळ्यांपुढे येतात. माणूस राहत नाही अशा ओसाड प्रदेशावरही पाऊस पडतो, याची आठवण ईयोबाला दिली जाते. माणसाच्या पापपुण्याचा हिशेब हाच सृष्टीचा एकमेव नियम असता, तर त्या पावसाला काही अर्थ उरला नसता. प्रतिफळाचा सिद्धान्त येथे मोडत नाही, पण तो फार लहान ठरतो.

ज्ञान नसता बोललास, असे परमेश्वर ईयोबाला बजावतो, पण मित्रांनी लावलेल्या पापांपैकी एकही त्याच्यावर ठेवत नाही. नंतर तो अलीफजाला सांगतो, की माझा सेवक ईयोब जसे यथार्थ बोलला तसे तुम्ही बोलला नाहीत. येथील हिब्रू शब्दयोगी अव्ययाचा भाषांतरकार सहसा 'माझ्याविषयी' असा अर्थ घेतात, परंतु त्याचा नेहमीचा अर्थ 'माझ्याकडे' किंवा 'माझ्याशी' असा आहे. हा दुसरा अर्थ घेतला, तर आपण वर पाहिलेला भेदच येथे अधोरेखित होतो. ईश्वराची बाजू मांडणारे दोषी ठरतात आणि ईश्वराशी वाद घालणारा निर्दोष ठरतो. शिवाय मित्रांची क्षमा ईयोबाच्या प्रार्थनेवर अवलंबून ठेवली जाते. ज्याच्यासाठी त्यांनी प्रार्थना केली नाही, तोच त्यांच्यासाठी प्रार्थना करतो.

६. सांत्वन कशाने झाले?

'नहम' हा हिब्रू धातू या ग्रंथात आरंभापासून अखेरपर्यंत येतो. मित्र ईयोबाचे सांत्वन करायला आले, तेथे तो आहे. तुम्ही सारे ताप देणारे सांत्वनकर्ते आहात, अशा आशयाचे ईयोब सोळाव्या अध्यायात म्हणतो, तेथेही तोच आहे. ईयोबाच्या अखेरच्या उद्गारात पुन्हा तोच धातू येतो. तेथे 'पश्चात्ताप करतो' असा अर्थ बहुधा घेतला जातो, पण 'मला सांत्वन मिळाले' असाही अर्थ काही अभ्यासक घेतात. शेवटी बेचाळिसाव्या अध्यायात त्याचे भाऊ, बहिणी व जुने परिचित त्याच्या घरी येतात, त्याच्याबरोबर भाकरी खातात, त्याचे सांत्वन करतात आणि प्रत्येक जण एक नाणे व सोन्याची एक अंगठी त्याला देतो. त्यांनी काय सांगितले, याची नोंद ग्रंथात नाही. या ग्रंथात यशस्वी ठरलेल्या सांत्वनाला शब्दांची गरज भासलेली नाही.

ग्रंथाचा शेवट काही वाचकांना अडखळवतो. ईयोबाची संपत्ती दुप्पट होते, पुन्हा सात मुलगे व तीन मुली होतात, पुढे तो १४० वर्षे जगतो. मग प्रतिफळाचा सिद्धान्तच खरा ठरला काय? येथे एक बारकावा पाहावा. गुरे दुप्पट होतात, मुलांची संख्या मात्र पूर्वीइतकीच राहते. गेलेल्या मुलांची भरपाई झाली, असे ग्रंथ कोठेही म्हणत नाही. नव्या मुलींची नावे मात्र आवर्जून दिली आहेत आणि त्यांना भावांबरोबर वारसा मिळाला, असेही सांगितले आहे.

या ग्रंथाचा मराठीशी असलेला एक संबंध नोंदवला पाहिजे. पंडिता रमाबाई यांनी संपूर्ण बायबलचा मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून मराठी अनुवाद केला. तो त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. दुष्काळात आईवडील व बहीण, पुढे भाऊ व पती आणि अखेरीस एकुलती एक मुलगी, असे मृत्यू त्यांनी पाहिले होते. हिब्रूतील ईयोब मराठीत आणणाऱ्यांमध्ये त्यांचा समावेश होतो, हे मराठी अभ्यासकाने विसरू नये.

आपली प्रगती तपासा – २
(अ) ईश्वराविषयी बोलणे व ईश्वराशी बोलणे यांतील भेद उदाहरणांसह सांगा.
(आ) 'नहम' हा धातू कोणकोणत्या प्रसंगी येतो?

सारांश

ईयोबाचा ग्रंथ निरपराध माणसाच्या दुःखाचे कारण सांगत नाही. कारण सांगण्याची घाई किती क्रूर होऊ शकते, हे तो दाखवतो. मित्र सिद्धान्ताशी एकनिष्ठ राहिले आणि त्यांनी मित्राला गमावले. ईयोबाने तक्रार केली, वाद घातला, पण संवाद तोडला नाही. म्हणून त्याची तक्रार श्रद्धेचेच रूप ठरते. सात दिवसांचे मौन आणि अखेरची एकत्र खाल्लेली भाकरी, या दोन प्रसंगांत सांत्वनाविषयीचा या ग्रंथाचा विचार सामावला आहे.

पारिभाषिक शब्द

ज्ञानसाहित्य – जीवन, नीती व दुःख यांविषयी चिंतन करणारे हिब्रू ग्रंथ.
प्रतिफळाचा सिद्धान्त – सत्कर्माला सुख व पापाला दुःख हेच फळ मिळते, हा विचार.
गोएल – संकटातून सोडवणारा जवळचा नातलग.

स्वाध्याय

१. ईयोबाच्या ग्रंथातील गद्य चौकट व पद्य संवाद यांतून दिसणाऱ्या ईयोबाच्या दोन प्रतिमांची तुलना करा.
२. 'मित्रांच्या सांत्वनामागे भय होते.' या विधानाची चर्चा करा.
३. परमेश्वराच्या भाषणांतून ईयोबाच्या प्रश्नाला उत्तर मिळते, असे तुम्हांला वाटते का? सकारण लिहा.
४. मराठी संतकाव्यातील देवाशी असलेले भांडण व ईयोबाची फिर्याद यांतील साम्य-भेद स्पष्ट करा.