तातडीची गर्भनिरोधक गोळी : गर्भवती व स्तन्यदा मातांसाठी

स्त्रीरोग विभागात दोन प्रश्न वारंवार विचारले जातात. “बाळ चार महिन्यांचे आहे, काल गोळी घेतली, आता अंगावर पाजू का?” आणि “गोळी घेऊनही दिवस राहिले. बाळात व्यंग तर येणार नाही ना?” पहिल्या भीतीपोटी तान्ह्याचे दूध तोडले जाते, तर दुसरीपोटी हवेहवेसे मूलही नाकारले जाते. म्हणून ही माहिती घरातील सर्वांनी जाणून घेणे अगत्याचे आहे.

लिव्होनॉरजेस्ट्रेल ही गोळी भारतात २००५ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळू लागली. संबंधानंतर ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर घ्यावी तितकी ती अधिक परिणामकारक ठरते. ती स्त्रीबीज बाहेर पडणे लांबविते. रुजलेला गर्भ पाडत नाही. गर्भपाताची औषधे सर्वस्वी वेगळी असून ती वैद्यकीय देखरेखीवाचून घेणे जिवावर बेतू शकते.

गर्भावस्थेत : दिवस राहिल्यावर या गोळीचा काहीही उपयोग नाही. मात्र अजाणतेपणी ती घेतली गेली, तरी गर्भात व्यंग निर्माण होत असल्याचे अभ्यासांत आढळलेले नाही. केवळ या कारणास्तव गर्भपात करवून घेण्याची आवश्यकता नाही.

स्तनपानाच्या काळात : औषधाचा अत्यल्प अंशच दुधात उतरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार स्तन्यदा मातेला ही गोळी घेण्यास प्रतिबंध नाही. स्तनपान चालू ठेवावे. युलिप्रिस्टल या दुसऱ्या औषधानंतर मात्र एक आठवडा दूध पिळून टाकून द्यावे, असा सल्ला दिला जातो.

प्रसूतीनंतर पहिले तीन आठवडे गर्भनिरोधनाची गरज नसते. त्यापुढे बाळ सहा महिन्यांच्या आतील, केवळ अंगावरच्या दुधावर असलेले आणि मातेची पाळी सुरू न झालेली, या तिन्ही अटी पुऱ्या होत असतील, तरच स्तनपानामुळे संरक्षण मिळते. पाळी आली नाही म्हणजे दिवस राहणार नाहीत, हा समज फसवा आहे.

दक्षता : गोळीनंतर दोन तासांत उलटी झाल्यास ती पुन्हा घ्यावी. क्षयरोगावरील रिफाम्पिसिनमुळे गोळीचा प्रभाव घटतो. अशा मातेने डॉक्टरांना तसे आवर्जून सांगावे. पाळी आठवडाभर लांबल्यास मूत्रतपासणी करावी. ओटीपोटात तीव्र वेदना झाल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.

ही गोळी अडीअडचणीचा उपाय होय, नित्याचा नव्हे. नित्यासाठी तांबी, निरोध, तसेच लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत विकसित झालेली ‘छाया’ ही बिनहार्मोनची गोळी स्तन्यदा मातांनाही चालते. पतीने सोबत यावे, सासूबाईंनीही ऐकावे. विचारण्यात संकोच नसावा. भीतीपोटी घेतलेल्या निर्णयापेक्षा वेळीच विचारलेला प्रश्न केव्हाही बरा.