स्वीकार म्हणजे शरणागती नव्हे



हा विषय आपल्याकडे कुजबुजीतच राहतो, म्हणून येथे लिहीत आहोत. मोबाईलवर अश्लील चित्रफिती पाहण्याची सवय केवळ कॉलेजच्या मुलांना लागते असे नाही. एमआयडीसीतून रात्रपाळी करून खोलीवर एकटा परतणारा कामगार, दोन मुलांचा बाप, एखादी गृहिणीही त्यात अडकते. २०१५ साली केंद्र सरकारने ८५७ संकेतस्थळे बंद करण्याचा आदेश काढला आणि काही दिवसांतच तो बराचसा सैल केला. बाहेरचे कुलूप किती टिकते ते तेव्हाच दिसले.

मग उरते स्वतःची निवड. पण 'मी तसा नाहीच' म्हणणाऱ्याला निवडण्यासारखे काही दिसतच नाही, आणि 'मी असाच आहे, आता सुटका नाही' म्हणणाऱ्यालाही नाही. दोघेही सत्य टाळतात. 'हे मी करतो, मला थांबायचे आहे, आजवर जमलेले नाही' एवढे खरे बोलणे म्हणजे स्वीकार.

संत ऑगस्टीनने हेच केले. 'कन्फेशन्स'च्या आठव्या भागात तो सांगतो, की तरुणपणी तो देवाकडे शुद्धता मागत असे, मात्र ती लगेच मिळू नये असेही त्याला वाटे! वासनेचे ऐकत गेल्याने सवय जडली आणि सवयीला न अडवल्याने ती सक्ती झाली, असा हिशेब तो मांडतो. दोष तो दुसऱ्यावर ढकलत नाही. ३८६ साली मिलानच्या बागेत त्याचे मन पालटले, तेव्हा मित्र अलिपियस सोबत होता. रडण्यासाठी ऑगस्टीन थोडा दूर गेला, पण परत येऊन त्याने सर्व प्रथम त्यालाच सांगितले. वाचताना हा तपशील आपण सोडून देतो.

ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात अश्लील चित्रण हे गंभीर पाप म्हटले आहे (परिच्छेद २३५४). जडलेल्या सवयीमुळे माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, असेही तोच ग्रंथ म्हणतो (१७३५). ही सूट समजू नये. मध्यरात्री फोन हातात असताना इच्छाशक्ती दुबळीच असते. खरी निवड रात्री नऊ वाजता होते, फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावून झोपायला जाताना. पुन्हा पडलात, तर लाजेने मिस्सा चुकवू नका, प्रायश्चित्त संस्काराला या. तेथे बोललेले तेथेच राहते. पत्नीने मात्र सारे मुकाट सहन करावे, असा स्वीकाराचा अर्थ आम्ही लावत नाही.

काहींना वैद्यकीय मदतही लागते. २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत अनावर लैंगिक वर्तनाची नोंद आहे. केवळ अपराधीपणाची टोचणी म्हणजे आजार नव्हे, हेही तेथे स्पष्ट केले आहे. सरकारच्या टेली मानस सेवेचा क्रमांक १४४१६. तो विनामूल्य आहे, मराठीतून बोलता येते.