खाडीतील बेटांवरचे पाणी जंतुदोषापासून कसे राखावे

दक्षिण कोकणात खाडीच्या पात्रातील बेटास जुवा असे म्हणतात. मालवणनजीकचा जुवा-पाणखोल, जैतापूरच्या खाडीतील जुवे, तसेच गोव्यात मांडवीच्या पात्रातील चोडण व दिवाडी ही अशा वस्तीच्या बेटांची परिचित उदाहरणे होत. येथील शेतकरी भात पिकवितो, माड राखतो, दोनचार गुरे पाळतो आणि ओहोटी लागली म्हणजे त्याच्या घरची माणसे तिसऱ्या व कालवे काढावयास चिखलात उतरतात. त्याचे पिण्याचे पाणी विहिरीतले, तर मिळकतीचा काही भाग खाडीच्या पाण्यातला. ही दोन्ही पाणी एकाच घाणीने बिघडतात, आणि शहरापासून दूर असलेल्या बेटांवर ही घाण बहुतांशी बेटावरचीच असते. वसईच्या खाडीतील पाणजूसारख्या, शहरालगतच्या बेटांची गोष्ट निराळी आहे. तेथे सांडपाणी बाहेरून येते व त्याचा बंदोबस्त बेटकऱ्यांच्या हाती नाही. प्रस्तुत लेखात जे हाती आहे त्याचाच विचार केला आहे.

माणसाच्या व गुरांच्या आतड्यांत कोट्यवधी जंतू वस्ती करून असतात. त्यांपैकी ई. कोलाय या जंतूचे बहुतेक प्रकार निरुपद्रवी आहेत. तथापि तो पाण्यात सापडला म्हणजे त्या पाण्यात विष्ठा अथवा शेण मिसळले आहे, असे निश्चित समजावे. विषमज्वर, हगवण, पटकी व कावीळ यांची लागण याच वाटेने होते. म्हणून पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलिलिटर नमुन्यात हा जंतू मुळीच आढळता कामा नये, असे भारतीय मानक आहे. पाणी निर्मळ दिसते, गोड लागते, एवढ्यावरून ते निर्दोष ठरत नाही.

समुद्राचे पाणी घाण खाऊन टाकते, अशी समजूत किनाऱ्यावर सर्वत्र आढळते. तिच्यात तथ्य आहे, परंतु अर्धेच. भर उन्हात, स्वच्छ खाऱ्या पाण्यात आतड्यांतील जंतूंपैकी दहांत नऊ काही तासांतच मरतात. रात्री व गढूळ पाण्यात हेच होण्यास दिवस लागतात. चिखलात रुतलेले जंतू तर आठवडेच्या आठवडे जिवंत राहतात व होडीच्या वल्ह्याने, जाळ्याने किंवा उधाणाच्या ओढीने चिखल ढवळला की पुन्हा पाण्यात येतात. पावसाळ्यात तर तिन्ही गोष्टी एकत्र येतात : ऊन नाही, पाणी गढूळ आणि खारेपणा उतरलेला. शिवाय आठ महिने जमिनीवर साठलेली घाण पहिल्या मोठ्या पावसात एकदम धुऊन खाली येते. जून महिन्यातील पहिले दोनतीन पाऊस हे या दृष्टीने वर्षातील सर्वांत वाईट दिवस होत.

तिसऱ्या व कालवे यांची विशेष जोखीम

मासा पाण्यात पोहतो. कालव पाणी गाळून खाते. पूर्ण वाढलेले एक कालव तासाला काही लिटर पाणी आपल्या कल्ल्यांतून गाळते व त्यातील बारीक कण पोटात घेते. पाण्यात जंतू असल्यास तेही पोटात जातात, आणि मांसातील जंतूंचे प्रमाण भोवतालच्या पाण्यातील प्रमाणाच्या कितीतरी पट होते. तिसऱ्या व शिणाणे यांचेही असेच आहे. खाडीतील थोडीशी घाण ताटात मोठी होऊन येते ती अशी.

याची किंमत इतरांनी पूर्वी मोजली आहे. अमेरिकेत न्यूयॉर्कनजीकच्या लाँग आयलंड या बेटावरील कालवे १९२४-२५ च्या हिवाळ्यात दूरदूरच्या शहरांत खाल्ली गेली व सुमारे १,५०० माणसांना विषमज्वर झाला. त्यांपैकी सुमारे १५० दगावली. कालवे विक्रीपूर्वी फुगून भरदार दिसावीत म्हणून ती कमी खाऱ्या पाण्यात काही काळ ठेवण्याची तेथे चाल होती, आणि ते पाणी दूषित होते. त्या प्रसंगानंतर, १९२५ पासून, कालवांच्या पाण्यावर सरकारी देखरेख सुरू झाली. पुढे १९८८ साली चीनमधील शांघाय शहरात दूषित शिंपल्यांपासून सुमारे ३ लाख लोकांना कावीळ झाली. कावीळ जंतूंनी नव्हे तर त्याहून सूक्ष्म अशा विषाणूंनी होते, परंतु वाट तीच.

आपल्याकडे काढलेल्या तिसऱ्या विकण्यापूर्वी टोपलीसह धक्क्याजवळच्या पाण्यात बुडवून ठेवल्या जातात. धक्क्याजवळचे पाणी बहुधा बेटाभोवतालचे सर्वांत घाण पाणी असते. ही सवय मोडावयास हवी. टोपली ठेवणे भागच असेल तर ती वस्तीपासून दूर, भरतीचे पाणी मोकळे खेळते अशा जागी ठेवावी. मोठ्या पावसानंतर काही दिवस माल काढू नये. घरी शिजविताना शिंपी उघडताच भांडे उतरविण्याची घाई करू नये. शिंप्या उघडल्यावर आणखी पाच मिनिटे त्या खळखळ उकळू द्याव्यात. निखाऱ्यावर नुसती शेकलेली कालवे चविष्ट लागतात हे लेखकास मान्य आहे, परंतु पावसाळ्यात तो मोह टाळलेला बरा.

विहीर

बेटावरील गोडे पाणी हे खाऱ्या पाण्यावर तरंगणारा पातळ थर असतो. तो केवळ पावसाने भरतो व जमिनीपासून फार खोल नसतो. त्यामुळे वरची घाण त्याच्यापर्यंत पोहोचण्यास अंतर थोडे पडते. त्यातून जमीन जांभ्याची असली तर दगडातील भेगा व पोकळ्या हा घाणीला राजमार्गच होय. वाळूत पाणी झिरपताना जंतू बरेचसे अडकतात. भेगेतून वाहताना अडकत नाहीत. शौचालयाचा खड्डा विहिरीपासून निदान १५ मीटर दूर असावा, हा नियम सर्वांस ठाऊक आहे. भेगाळ जांभ्यावर मात्र हे अंतर पुरेसे आहे असे धरून चालू नये. खड्डा विहिरीच्या उताराकडच्या बाजूस घ्यावा व शक्य तितका दूर न्यावा.

पावसाळ्यात ज्या जागी हात-दोन हातांवर पाणी लागते तेथे खोल शोषखड्डा म्हणजे प्रत्यक्ष विहिरीत शौचालय बांधण्यासारखे आहे. अशा जागी खड्डा उथळ घेऊन जोते उंच करावे, तळ पाणी झिरपणार नाही असा बंद करावा आणि खड्ड्याभोवती अर्धा मीटर जाडीचे बारीक वाळूचे वेष्टण द्यावे. खड्डे दोन असावेत. एक भरला की बंद करून दुसरा वापरावा व बंद केलेला दोन वर्षे उघडू नये. तोपर्यंत त्यातील रोगजंतू मरून उत्तम सोनखत तयार होते. ज्यांना जमिनीखाली खणणे शक्यच नाही त्यांनी, कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धन यांनी ज्याचा प्रसार केला त्या जमिनीवरील दोन कप्प्यांच्या संडासाची माहिती करून घ्यावी. कोकणच्या जमिनीचा व कोकणी माणसाचा पूर्ण विचार करून बसविलेली ती रचना आहे आणि ती मागे पडली याचे आश्चर्य वाटते.

कित्येकदा दोष शौचालयाचा नसून दुसऱ्याच कशाचा तरी असतो. लेखकाच्या पाहण्यातील एका जुव्यावर विहिरीला कठडा होता, जवळ शौचालय नव्हते, दर आठवड्यास टीसीएल पावडर पडत होती. तरी आषाढात तपासणीची बाटली दर वेळी काळी पडे. गावातील दोन मुलांना हगवण लागल्यावर बोभाटा झाला व दोष पावडरीवर गेला. शेवटी भर पावसात विहिरीभोवती हिंडून पाहिले, तेव्हा कारण दिसले. वरच्या अंगाला असलेल्या गोठ्याचे पाणी पायवाटेच्या चाकोरीतून वाहत विहिरीच्या मागल्या बाजूस येत होते व तेथे जांभ्याच्या बांधकामाचा सांधा सुटून ते आत उतरत होते. उन्हाळ्यात याची खूणही दिसत नसे. गोठा हलविण्यास मालक तयार नव्हता. गोठा आजोबांच्या वेळचा आणि बेटावर दुसरी जागा कोठे आहे, हे त्याचे म्हणणे खोटे नव्हते. तेव्हा गोठ्याच्या खाली आडवा चर खणून ते पाणी विहिरीपासून दूरच्या, उताराखालील माडांच्या आळ्यांत वळविले. विहिरीचा सांधा सिमेंटने बुजविला व भोवती बाहेर उतरता ओटा केला. यास चार माणसांचे दोन दिवस लागले. त्यानंतर विहिरीचे पाणी एकदा पूर्ण शुद्ध करून घेतले व पुढल्या बाटल्या काळ्या पडल्या नाहीत.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी यावरून एवढे ध्यानी घ्यावे की विहिरीची पाहणी उन्हाळ्यात कोरड्या पायांनी करून भागत नाही.

शेण व शेत

खाडीच्या काठावर उकिरडा ठेवणे सोयीचे असते, कारण तेथे जमीन पडीक असते. परंतु उधाणाची भरती त्याच्या पायथ्याला लागते आणि प्रत्येक पंधरवड्यास थोडे खत व पुष्कळ जंतू घेऊन जाते. उकिरडा उंचावर आणावा, त्याला बांध घालावा व पावसाळ्यापूर्वी वर छप्पर करावे. याने नत्रही वाचते. कंपोस्टचा ढीग नीट रचून वेळोवेळी चाळविल्यास आत ५५ अंश सेल्सियसच्या वर उष्णता चढते, आणि ती काही दिवस टिकली म्हणजे बहुतेक रोगजंतू नष्ट होतात. लोखंडी सळई ढिगात घटकाभर खुपसून ठेवावी. बाहेर काढल्यावर ती हातात धरवत नसेल तर ढीग नीट तापला आहे. राब भाजताना शेणातील जंतूही मरतात हे खरे. पण त्याबरोबर खतही जळते, म्हणून त्या पद्धतीची शिफारस येथे करता येत नाही.

शेणखत पावसाच्या तोंडावर नुसते पसरून ठेवू नये, नांगरटीबरोबर मातीत मिसळावे. खाचराचे बांध पहिल्या पावसापूर्वी दुरुस्त असतील तर ते पहिले गढूळ पाणी शेतातच अडते. त्यातील गाळ खाली बसतो व ऊन पडले तर तेही आपले काम करते. खाडीकडच्या कडेस गवताचा चारपाच हात रुंद पट्टा राखावा. कांदळवन असल्यास त्याला हात लावू नये. गाळ अडविण्याचे काम ते फुकट करते. खारभूमीच्या बांधाची उघाडी ओहोटी लागताच उघडावी. ओहोटी संपता संपता सोडलेले पाणी पुढल्या भरतीबरोबर कालवांच्या जागेवर परत येते, आणि भांगाच्या दिवसांत तर ते बेटाभोवतीच घोटाळत राहते.

शुद्धीकरण व तपासणी

वरील बंदोबस्त होईपर्यंत व झाल्यानंतरही विहिरीत टीसीएल टाकावीच लागते. गोल विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजून त्याचा वर्ग करावा, त्यास पाण्याच्या खोलीने व ०.७८५ ने गुणावे व आलेल्या संख्येस १,००० ने गुणावे म्हणजे पाणी किती लिटर ते निघते. व्यास ३ मीटर व पाणी २ मीटर असल्यास ते सुमारे १४,००० लिटर भरते. दर हजार लिटरला निदान २.५ ग्रॅम चांगली पावडर धरल्यास येथे ३५ ग्रॅम लागेल. पावडर जुनी वा पाणी गढूळ असेल तर अधिक. पावडर बादलीत कालवून चुना खाली बसू द्यावा व वरची निवळी विहिरीत सोडून पाणी ढवळावे. एक तास पाणी भरू नये. नंतर ओ.टी. चाचणीत पिवळा रंग आला नाही तर मात्रा कमी पडली असे समजावे.

पटकीचा जंतू मात्र निमखाऱ्या उष्ण पाण्यात स्वभावतःच राहू शकतो व पाण्यातील सूक्ष्म प्राण्यांना चिकटून असतो. बांगलादेशातील मतलब भागात ६५ गावांमध्ये जुन्या साडीच्या घड्या करून त्यातून पाणी गाळून पाहिले, तेव्हा पटकीचे रोगी जवळजवळ निम्म्याने घटले. हा प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाला. आपल्या घरांत लुगड्याने पाणी गाळण्याची रीत आहेच. मात्र कापडाला चार घड्या असाव्यात. सुटे जंतू कापडातून पार जातात, म्हणून गाळलेले पाणी उकळणे किंवा त्यात क्लोरीन असणे अवश्य आहे.

काळी पडणारी तपासणीची बाटली विहिरीच्या गोड्या पाण्यासाठी आहे. खाडीचे पाणी तिच्यात भरू नये. चिखलातील गंधकयुक्त वायूमुळेही ती काळी पडू शकते व उगीच घबराट होते. खाडीच्या पाण्याचा नमुना प्रयोगशाळेकडेच पाठवावा. त्यासाठी निर्जंतुक बाटली अगोदर मागवून घ्यावी, वस्तीपासून थोडे दूर, हातभर खोलीवर तोंड उघडून ती भरावी व लगेच बर्फाच्या डब्यात ठेवावी. नमुना शक्यतो सहा तासांत पोहोचला पाहिजे. बेटावर हीच खरी अडचण असते. सबब नमुना घेण्याची वेळ होडीच्या व पलीकडच्या एस.टी.च्या वेळेवरून ठरवावी, आणि बाटलीवर वेळेबरोबर भरती होती की ओहोटी व आदल्या दिवशी पाऊस झाला होता काय, हेही लिहावे.