पथारीवर जाण्याआधी ऐकून जा

पोरी, एमबीएच्या प्रकल्पाला नंदुरबारच्या मिरचीचा विषय घेतलास, बरं केलंस. पण त्या प्रश्नावलीच्या शंभर झेरॉक्स तूर्त बाजूला ठेव. आवक किती झाली, भाव काय निघाला, हे बाजार समितीच्या दप्तरात मिळतं. शेतकरी ओली लाल मिरची तशीच विकून मोकळा का होतो, हे मात्र कुठल्याही दप्तरात नाही. वाळवून विकली तर दर जास्त मिळतो, हे त्याला कळत नाही का? चांगलं कळतं. मग तो असं का करतो, तेच तुला शोधायचंय. ‘किती’साठी आकडे आहेत, ‘का’ आणि ‘कसं’ यासाठी गुणात्मक पद्धत. मामाचे चार शब्द कानात ठेव.

मत विचारू नको, हकिकत विचार. ‘बाजारव्यवस्थेबद्दल आपलं मत काय?’ असं विचारलंस तर समोरचा पेपरात वाचलेलं सांगेल. त्यापेक्षा म्हण, ‘दादा, मागच्या खेपेला मिरची आणली तेव्हा काय काय झालं, पहिल्यापासून सांगा.’ मग तोडणीला माणसं कुठली, गाडीभाडं कोणी भरलं, त्याच व्यापाऱ्याकडे का गेला, पैसे हातात कधी पडले, सगळं ओघात येतं. बोलता बोलता ‘उचल फेडायची होती’ असं त्याच्या तोंडून निसटलं, की पुढचा छापील प्रश्न विसर. ‘कसली उचल?’ एवढंच विचार आणि गप्प बस. आपल्याला शांतता सोसवत नाही, म्हणून आपणच उत्तर पुरवतो आणि समोरचा नुसती मान डोलावतो. ती मान म्हणजे पुरावा नव्हे.

विचारताना शेजारी कोण उभं आहे ते बघ. पथारीवर, म्हणजे मिरची वाळत घालतात त्या मोकळ्या रानात, मिरचीचा लाल गालिचा पसरलेला असतो. बाया तोंडाला पदर गुंडाळून देठ खुडत, निवड करत बसतात. मुकादमासमोर मजुरीचं विचारलंस तर तोंड बाईचं आणि उत्तर मुकादमाचं. शिवाय कामाच्या वेळात तिला बोलतं करणं म्हणजे तिची मजुरी बुडवणं. जेवणाच्या सुट्टीत तिच्यापाशी जा. फोनवर आवाज टिपायचा तर आधी विचार, नको म्हणाली तर फोन पिशवीत टाक. आणि मुलाखत पथारीपासून जरा लांब घे, नाहीतर तिच्या बोलण्यापेक्षा तुझा ठसकाच जास्त ऐकू येईल.

माणसं मोजून घेऊ नको, निवडून घे. थोडी जमीन असलेला शेतकरी, मोठा बागायतदार, व्यापारी, मुकादम, देठ खुडणारी बाई, माल नेणारा ट्रकवाला. प्रत्येकाला तोच बाजार वेगळा दिसतो. स्वतःच्या खळ्यावर मिरची वाळवणारा एखादा सापडला तर त्याला सोडू नको. सगळे एक सांगत असताना जो वेगळं वागतो, तोच तुझा निष्कर्ष तपासून देतो. व्हायव्हाला कुणी म्हणालं, ‘एवढ्याशा नमुन्यावर काय सिद्ध होणार?’ तर हेन्री मिंट्झबर्गचं नाव घे. व्यवस्थापक दिवसभर नेमकं काय करतो, हे त्याने फक्त पाच अधिकाऱ्यांच्या कामाचं प्रत्येकी आठवडाभर निरीक्षण करून मांडलं. त्यावरचं 1973 सालचं पुस्तक आजही शिकवलं जातं. नवीन मुलाखतीत नवीन काही निघेनासं झालं, की थांब.

वेळ आपल्या सोयीची नाही, त्यांच्या सोयीची. तुझी मैत्रीण आमचुरावर काम करणार आहे ना? तिला सांग, धडगाव-मोलगीकडे कैऱ्यांच्या हंगामातच जा. सोललेल्या फोडी वाळत घातलेल्या तेव्हाच दिसतात. पावसाळ्यात गेलीस तर व्यापाऱ्याच्या गोण्या मोजून परत येशील. भोंगऱ्या बाजार आणि होळीच्या दिवसांत मुलाखत मागू नये. दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्यांच्या घरांना कुलपं असतात, हेही ध्यानात ठेवावं. या डोंगरातल्या लोकांनी पाहणीवाले पुष्कळ पाहिलेत. सरदार सरोवराच्या बुडितात महाराष्ट्रातली 33 गावं आली, ती सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. तिथे ‘यातून आम्हाला काय मिळणार?’ असं कुणी विचारलं, तर योजनेचं आमिष दाखवायचं नाही. ‘माझं शिक्षण आहे, तुम्हाला पैसा मिळणार नाही,’ असं सरळ सांगायचं.

टिपणं त्याच रात्री लिही. वहीच्या पानाला मधोमध रेघ मार. डावीकडे त्यांचे शब्द, अहिराणी असो की पावरी, जसेच्या तसे. उजवीकडे तुला लागलेला अर्थ. या दोहोंची सरमिसळ झाली, की संशोधन संपलं आणि निबंध सुरू झाला. आणि प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेव. एम. एन. श्रीनिवास यांनी 1948 साली म्हैसूरकडच्या एका गावात राहून अभ्यास केला. पुढे वर्षानुवर्षं खपून तयार केलेल्या टिपणांच्या तिन्ही प्रती 1970 साली अमेरिकेत त्यांच्या खोलीला लावलेल्या आगीत सापडल्या. त्यांनी आठवणींच्या आधारे पुस्तक लिहिलं, ते 1976 मध्ये आलं. त्यांच्याइतकी स्मरणशक्ती आपल्याकडे आहे असं धरून चालू नकोस.

शेवटचं काम विश्लेषणाचं. डावी बाजू पुन्हा पुन्हा वाच, सारखं बोलणं एकत्र कर, त्या गठ्ठ्याला नाव दे. ‘पावसाची धास्ती’, ‘जागा नाही’, ‘उचल’, ‘आजच पैसा हवा’ अशी नावं त्यांच्याच बोलण्यातून येऊ देत. पुस्तकातली भारदस्त संज्ञा आधी ठरवून माणसं तिच्यात कोंबू नको. पुस्तक वाच जरूर, अशा विश्लेषणावरचा ब्राउन आणि क्लार्क यांचा 2006 सालचा लेख तर वाचच, पण गावाहून आल्यावर पुन्हा एकदा वाच.

आणि प्रबंध जमा करण्याआधी एक फेरी परत मार. जे निघालं ते त्या शेतकऱ्याला, त्या बाईला त्यांच्या बोलीत सांग. ‘असं नाही गं माय,’ म्हणाले तर राग मानू नको; घरी येऊन उजवी बाजू दुरुस्त कर. डावीला हात लावायचा हक्क तुला नाही.