लोकहित आणि फाशी

समाजाच्या भल्यासाठी खुन्याला ठार मारणे न्याय्य आहे काय?

नाशिक जिल्ह्यात २००३ साली पडलेल्या दरोड्यात पाच जीव गेले. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही आरोपींस फाशी ठरविली. आम्हीही तेव्हा 'योग्यच झाले' असे म्हटले असते. परंतु वाचलेल्या जखमी स्त्रीने पोलिसांपुढे छायाचित्रांवरून ओळखलेले चौघे निराळेच होते! २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडून प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देवविली. ऐन उमेदीची वर्षे गेली. प्राण मात्र वाचले.

कुराणशरीफाने एका निरपराधाचा वध अवघ्या मानवजातीच्या वधासमान मानला आहे. खुनी शिक्षेस पात्र खराच. पण न्याय देणारा माणूसच असतो, आणि माणूस चुकतो. कैदेतील चूक काही अंशी भरून काढता येते, फासावरची नाही. जे परत देता येत नाही ते लोकहिताच्या नावाने घेऊ नये, असे आम्हांस वाटते.